पेल्टनच्या यंत्राची साक्षीदार

पेनानंच लिहिताय का? बरं, लिहा, लिहा — टाइपरायटरचा इतिहास पेनानं लिहायचा, माझी काय हरकत असणार. या खोलीत सात यंत्रं आहेत, पण तुम्हाला सवय नसेल तर राहू दे. हां, काय विचारत होतात — सही. आणा बघू तो कागद इकडे, खिडकीशी धरा. हो. माझीच. ‘साक्षीदार — ओटिली क्रुमराय.’ अक्षर बघा कसं वळणदार आहे, शाळेत पहिलं बक्षीस होतं मला हस्ताक्षराचं. एकोणीस वर्षांची होते. वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीतून फोटो-नक्कल मागवलीत म्हणता? म्हणजे चौतीस वर्षं हा कागद तिथं पडून आहे आणि एवढ्या वर्षांत तो उघडून बघणारे तुम्ही पहिले. पत्ता कसा सापडला माझा? पाटीवरून. बरोबर, ‘कुमारी क्रुमराय, टंकलेखन आणि दुरुस्ती’ — मिलवॉकीत हे आडनाव आणखी कुणाचं असणार. नावाआधी ‘कुमारी’ का ठेवलंय ते विचारू नका, तो वेगळा विषय आहे आणि तुमच्या पुस्तिकेत तो बसणार नाही.

तर तुमच्या इतिहास-सोसायटीची पुस्तिका. उत्सवाला वाटणार. आपल्या गावात टाइपरायटर जन्माला आला म्हणून बँड वाजणार, भाषणं होणार — होऊ देत की. ज्यांचं यंत्र जगभर गेलं त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, त्यांचं त्यांनी कष्टानं केलं. पण तेव्हा या गावात दर चौथा माणूस असलं काहीतरी जुळवत होता, त्यातलाच एक हा ऑरिन पेल्टन. त्याला किती ओळी देणार आहात? दोन? वाचा बघू. ‘कागद-पाट्यांचे व्यापारी ऑरिन पेल्टन यांनीही एक यंत्र काढले, अकरा नग तयार झाले, यंत्र चालले नाही.’ छान आहे. का चाललं नाही एवढंच हवंय ना तुम्हाला? लिहा — स्प्रिंगा कमजोर होत्या. झालं तुमचं काम.

— नाही, थांबा. खोडा ते. स्प्रिंगा कमजोर नव्हत्या. काहीही लिहा पण स्प्रिंगा कमजोर होत्या असं लिहू नका, त्या स्प्रिंगा माझ्या बाबांनी केल्या होत्या.

बाबा घड्याळजी. वेंडेलिन क्रुमराय. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टातून निघाले ते कानशींची पेटी, आई आणि मी असे निघाले, आणि इथं पोचले ते पेटी आणि मी — आई बोटीवरच गेली, मी चार वर्षांची. थर्ड स्ट्रीटवर, आता जिथं टोप्यांचं दुकान आहे तिथं आमचं दुकान, मागच्या अंगाला कातडी कमावण्याचा वास, पुढच्या अंगाला बिअरच्या भट्ट्यांचा, मधे आम्ही. इंग्रजी त्यांना आलंच नाही. आमच्या गल्लीत जर्मन बोललं की भागायचं सगळं, पावापासून पाद्र्यापर्यंत. दोन शब्द यायचे — ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘टुमॉरो’. घड्याळजीला आणखी काय लागतं, म्हणायचे.

पेल्टन आला तो एका खोक्यात सगळा गोंधळ घेऊन आला. कल्पना त्याची होती, ते मी नाकारत नाही — लिहून घ्या, मी न्यायानं बोलते — पियानोची पट्टी दाबली की हातोडी उठते, त्या हातोडीच्या टोकाला छापखान्यातला अक्षराचा खिळा लावला तर? झाली कल्पना. पण त्याच्या खोक्यात दोन अक्षरं उमटायची आणि तिसऱ्याला दांड्या एकमेकींत अडकायच्या, बाजारात बायकांच्या छत्र्या अडकतात तशा. बाबांनी ते खोकं तीन दिवस नुसतं टेबलावर ठेवलं, येता-जाता बघितलं, आणि चौथ्या दिवशी त्यातलं सगळं काढून टाकलं. सगळं. खोकं तेवढं ठेवलं. मग दोन वर्षं — दोन वर्षं हो — दांड्या गोल कड्यात टांगायच्या, स्वतःच्या वजनानं खाली पडतील अशा, एकेक खिळा कानशीनं घासायचा, केसाएवढा, पुन्हा केसाएवढा. आणि रविवारी चर्चहून आलं की मी इंग्रजी वर्तमानपत्र वाचायची आणि ते कागदावर रेघा मारायचे — टीनंतर एच किती वेळा येतो, ईच्या शेजारी आर किती वेळा. ज्या अक्षरांची एकमेकांशी घसट जास्त ती कड्यात लांब लांब बसवायची, म्हणजे वाटेत यायची नाहीत. इंग्रजीतलं एक वाक्य न कळणारा माणूस, पण कुठलं अक्षर कुणाच्या गळ्यात गळा घालून हिंडतं हे त्यांच्याइतकं त्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

पहिलं वाक्य मी लिहिलं. सगळी मोठी अक्षरं, लहान नव्हतीच तेव्हा. आणि लिहिलेलं दिसायचं नाही बरं का — तुमच्या वयाच्या माणसांना हे सांगूनही पटत नाही — खिळा खालून वर आपटायचा, कागद वरच्या रुळाला, त्यामुळं काय उमटतंय ते चार ओळी झाल्यावर रुळाचा गाडा उचलून बघायचं. आंधळं लिहिणं. मी लिहिलं, ‘माझे वडील या गावातले सगळ्यात हुशार गृहस्थ आहेत’, आणि त्यांनी विचारलं काय लिहिलंस, तर मी म्हटलं, हवा छान आहे असं लिहिलंय. ते म्हणाले, वा, हवा खरंच छान आहे.

आणि मग हा कागद. तुमच्या हातातला. पेल्टन दुपारी आला, आम्ही जेवत होतो, कोबी आणि सॉसेज, मला वाससुद्धा आठवतो. म्हणाला, वॉशिंग्टनला पाठवायचाय, दोन साक्षीदार लागतात, एक माझा कारकून आणि दुसरी तू, तुझं अक्षर सुंदर आहे. बाबांनी विचारलं काय आहे. मी भाषांतर केलं — ‘आपल्या यंत्राचा कागद आहे, बाबा.’ आपल्या. पेल्टननं तो शब्द वापरला होता म्हणून मी वापरला. वरचा मजकूर मी वाचला नाही. मला वाचता येत होतं, साहेब. त्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि मी वाचलं नाही, मी बघत होते ‘के’चा फाटा नीट वळतोय की नाही ते. वर काय होतं ते तुम्ही वाचलंच आहे. ‘मी, ऑरिन पेल्टन, मी हा शोध लावला आहे.’ आणि खाली, त्याला साक्ष म्हणून, त्या शोध लावणाऱ्या माणसाची मुलगी.

कळलं कधी? कळलं त्या हिवाळ्यात. तळं गोठलेलं, आणि गावातल्या मोठ्या सभागृहात पेल्टनचं व्याख्यान — यंत्र मंचावर, त्याच्यावर फुलं रंगवलेली, निळी फुलं. बाबांनी चर्चचा कोट घातला. आम्हाला मागची रांग. पेल्टन उभा राहिला आणि म्हणाला, ‘एका संध्याकाळी माझी पत्नी पियानो वाजवत असताना मला हे यंत्र आतून-बाहेरून, चाकासकट, डोळ्यांपुढं दिसलं.’ त्याच्या बायकोला पियानो येत नव्हता, घरात फोटो ठेवायला होता तो. चाळीस मिनिटं बोलला. दांड्यांचं बोलला, कड्याचं बोलला, अक्षरांची घसट मोजली तेसुद्धा बोलला — ‘मी रविवारी वर्तमानपत्र घेऊन बसे’ म्हणाला. आणि बाबा माझ्या कानाशी वाकून विचारतात, ‘काय म्हणतोय, टिली? माझं नाव घेतलं का?’

मी म्हटलं, ‘हो बाबा. आत्ताच घेतलं.’

तर ते उठून उभे राहिले. पुरते नाही, असे अर्धवट, टोपी हातात, लोकांना मान लववायला. शेजारच्या एका बाईनं खांद्यावर बोट टोचलं, खाली बसा म्हणून. ते बसले. हसत होते. लाजल्यासारखे.

लिहू नका हे. किंवा लिहा, मला काय. पण माझं तिथंच ठरलं, त्या खुर्चीवर. रडले-बिडले नाही मी. मी एवढंच मनाशी म्हटलं की या माणसाला मी सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मीच पेल्टनकडं गेले आणि नोकरी मागितली. तो खूश. वॉटर स्ट्रीटवरच्या त्याच्या दुकानाच्या काचेत त्यानं मला यंत्रासमोर बसवलं, पांढरी कॉलर घालून, आणि बाहेर लोक जमायचे. मी चर्चमध्ये हार्मोनियम वाजवायची ना, त्यामुळं माझी दहाही बोटं चालायची, बाकीचे सगळे तेव्हा दोन बोटांनी कोंबडीनं दाणे टिपावेत तसे टिपायचे. पितळी पट्टी बसवली होती यंत्रावर — ‘पेल्टन’, बस्स. बाबा एकदा काचेतून बघून गेले आणि घरी आपणहूनच म्हणाले, त्याचं नाव आखूड आहे, आपलं मावलं नसतं. बघा. असा माणूस. त्यांना चालत होतं. रोज दुकान बंद करून वॉटर स्ट्रीटवरनं वळसा घालून यायचे, यंत्र चालताना बघायला, आणि पुढं व्हायचे. मला नव्हतं चालत.

दुकानाबाहेर फलक होता: ‘आता हस्ताक्षराचा जाच नाही. सर्वांचे अक्षर एकच. कोणी लिहिले हे कागद सांगणार नाही.’ हे त्यानं अभिमानानं लिहिलं होतं बरं का. लोकांना ते झेपत नव्हतं, वॉकेशाच्या एका शेतकऱ्याला यंत्रावरचं पत्र गेलं तर त्यानं उलट कळवलं, मला हातचं वाचता येतं, छापील नोटीस पाठवायचं कारण नव्हतं. पण पेल्टनला नव्याचं वेड. पुढं पुढं तर तो सहीसुद्धा यंत्रानंच करायला लागला — खाली टाइप करायचं ‘ऑरिन पेल्टन’, झालं पत्र. पेनाला हात लावायचा नाही. आणि ती पत्रं टाइप कोण करायचं?

हसलात. तुमच्या लक्षात आलं वाटतं.

वसंतात पूर्वेकडच्या एका मोठ्या शिवणयंत्रांच्या कारखान्याशी त्याचं जुळलं. नाव नको. त्यांना हजार यंत्रं काढायची होती, मालक स्वतः येणार होता, कागद तयार होते. आणि एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, भर काचेत, बाहेर वीसेक माणसं उभी — पाववाला होता, चर्चच्या दोन नन होत्या, काचेला नाक लावून बघत होत्या — त्यांच्या देखत मी ते पत्र लिहिलं. चोरून नाही. सगळे माझी बोटं बघत होते आणि कागद कुणाला दिसत नव्हता, मलाही दिसत नव्हता, ते यंत्रच तसं होतं. मजकूर सांगते, मला पाठ आहे. ‘महाशय, करार होण्यापूर्वी मनावरचे ओझे उतरवणे माझे कर्तव्य आहे. हे यंत्र माझे नाही. ते थर्ड स्ट्रीटवरील घड्याळजी वेंडेलिन क्रुमराय यांनी बनवले. त्यांना इंग्रजी येत नाही, याचा मी फायदा घेतला. ऑरिन पेल्टन.’ खोटं त्यात फक्त शेवटचे दोन शब्द. मग गाडा उचलला, ओळी बघितल्या, एक चूक नव्हती. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली आणि पाकीट डाकेच्या टोपलीत टाकलं, त्याच्याच बाकीच्या पत्रांबरोबर. त्याचाच नोकर पोस्टात घेऊन गेला.

कारखान्याकडून तार आली, करार थांबला. पेल्टन पांढराफटक. आगगाडीनं गेला त्यांच्याकडं, शपथा घेतल्या, बायबल मागवलं म्हणे — मी लिहिलं नाही, मी लिहिलं नाही. आणि त्या मालकानं काय उत्तर दिलं ते ऐका, हे मला पेल्टननंच सांगितलंय, स्वतःच्या तोंडानं. मालक म्हणाला, ‘तुम्ही लिहिलं असेल, तर यंत्र तुमचं नाही. तुम्ही लिहिलं नसेल, तर तुमच्या यंत्रावर कुणीही कुणाच्याही नावानं काहीही लिहू शकतो. दोन्हीपैकी कुठल्या कारणासाठी आम्ही ते बनवावं, तेवढं सांगा.’ तेहतीस वर्षं झाली, मला अजून ते वाक्य आठवलं की जेवण गोड लागतं. त्याचा फलकच त्याच्या गळ्यात अडकला. कोणी लिहिले हे कागद सांगणार नाही.

पण — आता हे बघा. मला वाटलं होतं, कारखान्याचा माणूस थर्ड स्ट्रीटवर येईल. पत्रात पत्ताच होता की. येईल आणि विचारेल, क्रुमराय कोण. आठवडाभर मी उंबरा घासत होते आमच्या दुकानाचा, बाबांना रोज धुतलेली कॉलर, मोठं गिऱ्हाईक येणार आहे म्हणून. कुणी आलं नाही. कशाला येतील, त्यांना यंत्र हवं होतं, घड्याळजी नको होता. वादातलं यंत्र नको म्हणून ते दुसऱ्याकडं गेले. संपलं.

आला तो पेल्टन आला. परत केलेलं ते पत्र घेऊन. बाबांवर ओरडला, तू लिहिलंस, तू लिहवून घेतलंस. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि कागद खिडकीशी धरला, आत्ता तुम्ही धरलात तसा. त्यांना वाचता येत नव्हतं, अक्षरं ओळखता यायची, प्रत्येक खिळा त्यांच्या हातचा. पाच मिनिटं बघत होते. मग कागद पेल्टनच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘टुमॉरो.’ दुरुस्तीला टाकलेल्या घड्याळाबद्दल सांगावं तसं. पेल्टन निघून गेला. आणि तो गेल्यावर माझ्याकडं न बघता जर्मनमध्ये म्हणाले, ‘ए फिका आहे.’

हे बोट बघा. डावी करंगळी. नऊ वर्षांची असताना कपडे पिळायच्या चरकात सापडली होती, जोर नाही हिच्यात. ए तिच्या वाटेला यायचा. सबंध पत्रात एकूण एक ए फिका. हस्ताक्षर नसतं म्हणे यंत्राला. बाबांनी माझं हस्ताक्षर वाचलं त्यात, भाषा येत नसताना.

रागावले? नाही हो. रागावले असते तर बरं झालं असतं. भिंग पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाले, ‘यंत्र चांगलं होतं, टिली.’ होतं म्हणाले. एवढंच. पुढं आठ वर्षं जगले, पण त्या विषयावर पुन्हा एक शब्द नाही. अकरा यंत्रं फोडून पितळ विकलं पेल्टननं, पंप करणाऱ्याला. हातगाडी आमच्याच रस्त्यानं गेली, आणि बाबा दारात येऊन उभे राहिले, टोपी काढून, प्रेतयात्रा जाताना काढतात ना तशी. ती निळी फुलं दिसत होती वरनं. मी आत होते. मी बाहेर आले नाही.

पस्तावा? कुणाला, मला? त्याला धंद्यातून उठवला मी, साहेब. दुकान गेलं, बायको ओहायोला भावाकडं गेली ती परतली नाही, हा पश्चिमेला बियाणं विकत हिंडला, वीज पडू नये म्हणून छपरावर लावतात त्या सळया विकत हिंडला, दारोदार. हवं होतं ते मिळालं मला. बाबांचं यंत्रही त्यात गेलं, तर गेलं. चोराच्या नावानं जगभर चालण्यापेक्षा — असं मी म्हणते. असं मी तेहतीस वर्षं म्हणत आलेय, आणि म्हणता म्हणता दुकान काढलं, चाळीस मुलींना शिकवलं, गावातल्या निम्म्या कचेऱ्यांत माझ्या मुली आहेत.

काय म्हणालात? तुमच्या सोसायटीनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली, जुन्या यंत्रांची माहिती कळवा म्हणून, ढीगभर पत्रं आली, पण पेल्टनबद्दल एकही नाही? नवल वाटतं? नवल कसलं त्यात, पत्रं येणार कुठून, ती तर इथंच —

पाणी हवंय का तुम्हाला?

नाही, मी काही म्हटलं नाही. काही नाही म्हटलं.

— बरं. म्हटलं. इथंच आहेत, म्हटलं. त्या कप्प्यात. तुम्ही एवढे चिकट असाल असं वाटलं नव्हतं, मघाशी दाराशी उभे होतात तेव्हा अगदी बापुडवाणे दिसत होतात. जिवंत आहे पेल्टन. पाच वर्षांपूर्वी गावात परत आला, जेफरसन स्ट्रीटवर एका बाईच्या खानावळीत राहतो, त्र्याहत्तर वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप. पेन धड धरवत नाही. माझ्याकडं आला काठी टेकत आणि म्हणाला, ‘टिली, आता ते यंत्र बघितलेली तूच एक उरलीस. माझी पत्रं लिहशील?’ त्याला कधी संशयच आला नाही माझा. एकोणीस वर्षांची पोर, पांढरी कॉलर, ती काय करणार. लिहीन म्हटलं. तेव्हापासून येतो. वर्तमानपत्रांना लिहितो, पेटंट कचेरीला लिहितो, त्या कारखान्याच्या वारसांना लिहितो, मी यंत्र काढलं होतं, मला खोट्या पत्रानं बुडवलं, माझी दखल घ्या. एकेचाळीस पत्रं झाली. शब्दन् शब्द टाइप करते मी, तो सांगेल तसा, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. त्याच्यासमोर घडी घालते, तिकिटाला जीभ लावल्याचा आवाजसुद्धा करते. आणि कप्प्यात टाकते. दर बुधवारी त्याचा पहिला प्रश्न — ‘उत्तर आलं?’ मी म्हणते, नाही आलं. बुधवारी दुपारी मी दुसरं काम घेत नाही. तो चेहरा नीट बघता यावा म्हणून.

असं बघू नका माझ्याकडं. बाबांनी आठवडाभर धुतलेली कॉलर घालून वाट बघितली होती.

तुमच्या सोसायटीच्याच नावची आहेत शेवटची चार. ईस्टरनंतरची. कुणीतरी त्याला जाहिरात वाचून दाखवली. आणि पहिलं पत्र सांगायला बसला तर — मी कळांवर बोटं ठेवलेली — तो म्हणतो, ‘महाशय, मरण्यापूर्वी मनावरचं ओझं उतरवायचं आहे. ते यंत्र माझं नव्हतं. ते थर्ड स्ट्रीटवरच्या घड्याळजी क्रुमराय यांनी बनवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.’ मी थांबले. ते पत्र मी एकदा लिहिलं होतं, साहेब. तेच. तो म्हणाला, ‘टिली, लिहितेस ना?’ लिहिते म्हटलं. लिहिलं. आताच्या यंत्रात ओळ समोर दिसते, एकेक अक्षर उमटताना दिसतं. माझ्या वडिलांचं नाव, त्याच्या तोंडून, खाली या वेळी खरी सही, थरथरती. लिहून झाल्यावर त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘मला आधीच सांगायला हवं होतं.’ मी हात काढून घेतला.

का नाही पाठवलं? सोपं आहे की. पाठवलं की तो सुटला. तुम्ही छापाल, मला तुमची भाषा माहीत आहे — ‘श्री. पेल्टन यांनी मोठ्या मनाने मान्य केले.’ मोठ्या मनानं. उत्सवात त्याला मंचावर बसवाल, धरून चढवाल, बायका डोळे पुसतील. आणि माझे बाबा पुन्हा मागच्या रांगेत, त्याच्या मेहेरबानीनं अर्धवट उभे. नको मला. नाव येत असेल तर त्याच्या हातून नको. आणि दुसऱ्या कुणाच्या हातून येण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नाही, तेही खरं. माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील — साक्षीदार म्हणून माझी सही तिकडं आहे ना, तुमच्या हातात.

तुम्ही एवढा वेळ गप्प बसता हे काही बरं नाही. माणसाला बोलायला लावता.

किती वाजले? चार — ऐकू येतंय? काठी. खालच्या जिन्यावर. तेवीस पायऱ्या आहेत, वळणावर थांबतो दम घ्यायला, तेवढा वेळ आहे तुम्हाला. आज बुधवार आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. कागद आत ठेवा. टोपी तिथं आहे, खुंटीला. त्या कप्प्याला हात लावू नका, किल्ली माझ्याकडं आहे आणि ती मी देणार नाही, उगाच दोघांना अवघड होईल. दोन ओळी आहेत ना तुमच्या, त्या आहेत तशा राहू देत. चाललं नाही, एवढंच. कारण लिहू नका. आणि बोलायचं असेल तर बोला त्याच्याशी, इथंच, मी कुणाचं तोंड धरलेलं नाही. तुमच्या सोसायटीचंच नाव घेऊन रोज वाट बघतो तो. सांगा त्याला. पण मग बुधवारी त्याला कोण —

या, मिस्टर पेल्टन. जपून, सतरंजी दुमडलीय. काठी द्या इकडं. हे? कुणी नाही, गिऱ्हाईक आहे, निघालेत ते. बसा, तुमच्याच खुर्चीवर. दम खा आधी.

नाही हो. सोसायटीकडून अजून काहीच उत्तर नाही.

— जाताना दार तेवढं ओढून घ्या.